काचेच्या दाराबाहेरचा बाक

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. रक्तात फॉस्फरस साचतो तसे ते आपोआप साचत जातात. आधी काही कळत नाही, मग एक दिवस खाज सुटते आणि कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. फॉस्फरसला निदान गोळी तरी आहे, किश्शांना तीही नाही. म्हणून बसा जरा, सांगते.

जळगावात आमच्या किडनीच्या डॉक्टरांकडे एक लांब लोखंडी बाक आहे. बाकासमोर काचेचं दार आणि दारापलीकडे डायलिसिसची मशिनं. आम्ही बाकावरचे. म्हणजे किडन्या बिघडलेल्या, पण मशीन अजून लागलेलं नाही, असे. दर महिन्याच्या एका मंगळवारी रिपोर्ट घेऊन यायचं. डॉक्टर त्यात पोटॅशियम बघतात, फॉस्फरस, कॅल्शियम, हिमोग्लोबिन, व्हिटॅमिन डी, सगळं बघतात आणि चष्मा काढून म्हणतात, "या पुढच्या महिन्यात." एवढं म्हणाले की बाकावरची जागा आणखी महिनाभर आपली. नाही म्हणाले, तर ते काचेचं दार.

सगळ्यात भीती पोटॅशियमची. बाकीचे पाहुणे पायरी-पायरीने त्रास देतात. हा एक असा आहे की दुखत नाही, खुपत नाही, सरळ हृदय थांबवतो. डॉक्टरांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "मॅडम, पोटॅशियम बेल वाजवून येत नाही." तेव्हापासून मी भाजीबाजारात टोमॅटोसमोरून जाताना पदर सावरून जाते.

मी कॉलेजच्या लायब्ररीत आहे. लोक पुस्तकं नेतात आणि परत करत नाहीत, याची मला सवय आहे. पण ब्लडप्रेशरने माझ्या किडन्या कधी नेल्या ते मला कळलंसुद्धा नाही, आणि दंड कोणाकडून घ्यायचा तेही नाही.

बाकावर आम्ही चौघं नेहमीचे. मी, रावेरकडचे नाना, भुसावळचे टेलर चाचा आणि शिरपूरकडची अक्का. नाना "मले" म्हणतात, अक्का "माले" म्हणते, चाचा "मेरे को" म्हणतात. सांगायचं मात्र तिघांना एकच असतं: मला आत जायचं नाही.

* * *

नानांची केळीची बाग आहे. साठी उलटली, आयुष्य केळीत गेलं, आणि आता डॉक्टरांनी पहिलं काय बंद केलं असेल तर केळं.

आहाराच्या मॅडमनी चार्ट दिला तेव्हा नानांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला. म्हणाले, "मॅडम, यात सफरचंद चालते लिहिलंय."

"हो नाना, एखादं चालेल."

"सफरचंद काश्मीरचं. केळं माह्या दारातलं. म्हणजे देवानं मले तालुकाच चुकीचा दिला."

त्यांच्या घरी एक जुनी रीत. माल बघायला व्यापारी आला की सौद्याच्या गोष्टी नंतर. आधी झाडावर पिकलेली फणी ताटात ठेवायची, मालकाने स्वतः एक केळं सोलून खायचं, मग पाहुण्याने. गेल्या हंगामात उत्तरेकडचा एक नवा व्यापारी आला. ताट आलं. नानांनी ताट त्याच्याकडे सरकवलं.

तो म्हणाला, "पहले आप."

नाना म्हणाले, "नहीं, मेरे को मना है."

व्यापाऱ्याने केळं उचललं होतं, ते हातातच राहिलं. मालक स्वतःच्या बागेचं केळं खात नाही, म्हणजे काय फवारलंय यावर? नाना शपथा घ्यायला लागले. शेवटी उठले, आतून सगळे रिपोर्ट आणले आणि त्याच्यासमोर पसरले. हे बघा किडनी, हे बघा पोटॅशियम, डॉक्टरांनीच नाही म्हटलंय.

व्यापाऱ्याने एकेक कागद नीट बघितला. मग हातातलं केळं हळूच ताटात परत ठेवून म्हणाला, "इतने साल खाने से ऐसा होता है क्या?"

बाकावर आम्ही हसून हसून वाकलो. नाना हसले नाहीत. म्हणाले, "तुम्ही हसा. तो गेल्यावर मी एकटा बागेत गेलो होतो. घड लोंबू राह्यले होते चहूकडून. आन् मले, खरं सांगतो, माह्याच बागेत भ्या वाटलं."

* * *

माझ्या डाव्या मनगटावर एक छोटं ऑपरेशन झालं. फिस्टुला म्हणतात. आतल्या दोन रक्तवाहिन्या जोडून ठेवतात, पुढे कधी मशीन लागलंच तर सुईला रस्ता तयार असावा म्हणून. घर बांधायच्या आधी नळाचं कनेक्शन घेऊन ठेवावं, तसं. हाताला कान लावला तर आत जुन्या फ्रिजसारखी घरघर ऐकू येते. पहिल्या रात्री मी उशीखाली हात घेतला आणि दचकून उठले. मला वाटलं, मशीन घरी आलं.

ऑपरेशन झालं म्हटल्यावर लोक भेटायला येणार. आणि आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला कोणी रिकाम्या हाताने येत नाही. नारळपाणी. प्रत्येकाच्या हातात शहाळं! आमच्या पलंगाखाली शहाळ्यांचा ढीग लागला, जणू मी रसवंती काढणार होते.

नारळपाण्यात पोटॅशियम किती असतं हे मी सगळ्यांना समजावून सांगायचे. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं पण पोटॅशियम चांगलं ना? त्याने तर ताकद येते."

"काकू, मला ते चालत नाही. हार्ट बंद पडू शकतं."

"असं अशुभ बोलू नये," म्हणून काकूंनी ग्लास भरला आणि मी पिईपर्यंत समोर खुर्ची ओढून बसल्या.

त्या ग्लासाकडे मी जसं बघत होते तसं लोक सापाकडे बघतात. तेवढ्यात सुनील, म्हणजे माझा नवरा, आत आला. त्याने परिस्थिती ओळखली, ग्लास उचलला आणि एका दमात प्यायला. "फार तहान लागली होती काकू," म्हणाला.

मग तेच ठरून गेलं. पाहुणा यायचा, शहाळं फुटायचं, सुनीलला तहान लागायची. तोंडावर असं तेज आलं त्याच्या! आणि मी पथ्याने वाळत चाललेली, खिडकीशी उशीला टेकून. आठवड्याभराने त्याच्या गावाकडचे एक दूरचे भाऊ आले. ते दारात थांबले, दोघांकडे बघितलं आणि सुनीलच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "भाऊ, तू तर बरा दिसतोस. पण वहिनी फार खंगल्या तुझ्या काळजीने."

* * *

आमच्यासाठी भाजी करायची तर ती आधी बारीक चिरायची, पाण्यात भिजवायची, ते पाणी फेकायचं, नव्या पाण्यात उकळायची, तेही पाणी फेकायचं. पोटॅशियम पाण्यातून निघून जातं. चवही त्याच्याच मागे जाते, हे चार्टवर लिहिलेलं नाही.

दुधी, कोबी ठीक आहेत, त्यांना तसाही फार अभिमान नसतो. पण हिवाळा आला. हिवाळ्यात आमच्याकडे भरताची वांगी येतात, पांढरट हिरवी, तान्ह्या बाळाएवढी. तुरीच्या वाळक्या काड्यांवर भाजायची, मिरची-लसूण बडवायचा, शेंगदाणे, खोबरं, कांद्याची पात. शेतात पंगती बसतात. आणि मी घरात.

मला वाटलं, आपण शिकलेली बाई, आपण मार्ग काढू. मी वांगं भाजलं नाही. चिरलं, भिजवलं, उकळलं, पाणी फेकलं. दाणे नाहीत, खोबरं नाही, फॉस्फरस असतो. मीठ नावापुरतं. बडवायला घेतलं तर बडवण्यासारखं काही उरलेलंच नव्हतं, ते आपणहून बसलं.

सासूबाई असोद्याच्या, भरीत हा त्यांच्या माहेरचा विषय. मी वाटीत थोडं दिलं. त्यांनी बोटावर घेतलं, जिभेला लावलं. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "सविता, हे वांगं कशाने वारलं?"

दुसऱ्या दिवशी सगळे शेतात पंगतीला निघाले, तर सासूबाई गेल्या नाहीत. पाय दुखतोय म्हणाल्या. दुपारी माझ्याबरोबर बसून त्यांनी ते वारलेलं वांगं पोळीशी खाल्लं, सगळं. मी म्हटलं, अहो तुम्हाला काय झालंय, तुम्ही जा ना. त्या म्हणाल्या, "तू आत गेलीस तर मी भरीत कोणाला नावं ठेवून खाऊ?"

दोघी हसलो. मग त्यांनी वाटी बोटाने पुसून घेतली.

* * *

चाचांचा किस्सा हसत सुरू होतो म्हणून आधी हसून घ्या.

चाचा आयुष्यभर पायजमे, शर्ट शिवत आले. किडनीमुळे मीठ कमी केलं आणि चाचांचा जगण्यातला रसच गेला. मला ते बाजी, म्हणजे ताई, म्हणतात. बाकावर बसून म्हणायचे, "बाजी, घर का खाना ऐसा लगता है जैसे बिना अस्तर का कोट."

मग एका मंगळवारी चाचा एकदम खुशीत. पुण्याहून मुलगा आला होता, त्याने एक महागाचं पाकीट आणलं होतं. मीठच, पण कमी सोडियमचं. वर हृदयाचं चित्र. चाचा म्हणाले, "वो बोला, अब्बा, दिल के लिए अच्छा है. जितना चाहे डालो." आणि चाचा टाकत होते. डाळीत, भातात, काकडीवर. मला म्हणाले, "बाजी, आपके लिए भी मंगाऊं?"

मी हो म्हटलं. ते "हो" आठवलं की आजही मी घरातलं मिठाचं पाकीट उलटून वाचते.

कारण त्या मिठात सोडियम कमी करून त्याच्या जागी काय घालतात, तर पोटॅशियम. चांगल्या किडनीच्या माणसाला चालतं. आम्हाला ते विष.

चौथ्या की पाचव्या दिवशी चाचा मशीनवर बसलेले, शिवणाचं मशीन म्हणते मी, आणि पायडलवरचा पाय उठेचना. त्यांनीच नंतर सांगितलं, "दर्द नहीं था. बस ऐसा लगा जैसे किसी ने कपड़े में से धागा खींच लिया. कपड़ा वहीं है, सिलाई नहीं है." भुसावळहून जळगावला आणेपर्यंत छातीचे ठोके पाच मोजावेत तर दोन लागत होते. रात्रभर छातीवर पट्ट्या, हातात सलाइन, आणि डॉक्टर स्वतः खुर्ची टाकून बसलेले.

पुढच्या मंगळवारी चाचा बाकावर परत आले. बारीक झालेले. नानांनी विचारलं, "चाचा, डॉक्टरनं विचारलं असेल, मीठ कोणी दिलं?"

"पूछा ना. चार बार पूछा."

"मग?"

"मैंने बोला, मैंने ही लिया बाजार से. शकल अच्छी थी डिब्बे की." चाचांनी बंडीची गुंडी उगाच लावली, काढली. "बेटा पास में ही खड़ा था ना."

* * *

आता अक्का.

अक्का सत्तरीला टेकलेली. गाव शिरपूरकडचं, पण मुलगी जळगावात दिली, म्हणून दवाखाना इथला. दोन मुलं सुरतला. मुलगी कल्पना, ती दर महिन्याला हात धरून घेऊन येते.

एकदा रिपोर्टमध्ये अक्काचं व्हिटॅमिन डी फार कमी आलं. डॉक्टरांनी समजावलं, "आजी, हे व्हिटॅमिन उन्हातून मिळतं. ते तुमच्या अंगात कमी पडलंय."

अक्काचा आवाज चढला. "डॉक्टर, मी जलमभर उन्हामा कापूस येचा. माले ऊन कमी पडनं?"

बाहेर बाकावर आम्हाला ऐकू येत होतं. आम्ही तोंडावर रुमाल धरले.

डॉक्टर चांगले आहेत. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि सांगितलं, की ऊन अंगावर पडलं तरी ते कामाचं करायचं काम किडनीचं असतं. किडनीने ते केलं नाही तर बाहेर कितीही ऊन असो, हाडांपर्यंत पोचत नाही. म्हणून तुम्हाला ही वेगळी गोळी देतोय. उन्हाचं पुढचं काम गोळी करेल.

आतून गोळ्यांच्या पाकिटाचा चुरचुर आवाज आला. मग अक्काचा आला.

"म्हंजे, इतलं बठ्ठं ऊन वाया गयं?"

रुमाल तोंडावरच राहिले, पण हसणं कुठे गेलं कोणास ठाऊक.

* * *

एक माझा. यात मी स्वतःला मारून ठेवलं होतं, जवळजवळ.

फिस्टुला नीट तयार व्हावा म्हणून मला स्पंजचा चेंडू दिला होता. दिवसभर दाबायचा. मी आज्ञाधारक बाई. लायब्ररीत दाबायचे, सीरियल बघताना दाबायचे, फोनवर बोलताना दाबायचे. डाव्या हाताने दाबता दाबता उजवा हातही आपोआप मूठ करायला लागला. भीती वाटली की जास्तच.

आणि मला सगळ्यात जास्त भीती रक्त देताना वाटते. लॅबमध्ये मुलीने उजव्या दंडाला पट्टा बांधला, शीर सापडेना, ती शोधत राहिली आणि मी डोळे गच्च मिटून दोन्ही मुठी आवळत राहिले. उघड-मीट, उघड-मीट. ती म्हणालीसुद्धा, "वा मॅडम, छान."

दुपारी लायब्ररीत फोन आला. "मॅडम, तुम्ही उभ्या आहात का? बसा आधी. पोटॅशियम सहा पॉइंट नऊ आहे. लगेच डॉक्टरांकडे जा."

मी पुस्तकांच्या कपाटाला धरून खाली बसले. एक मुलगा विचारत होता, "मॅडम, हे रिन्यू करायचंय." मी म्हटलं, "ठेव तुझ्याकडेच." वीस वर्षांत असं मी कोणाला म्हटलं नव्हतं. त्यालाही कळलं काहीतरी गंभीर आहे, त्याने रिक्षा आणली.

रिक्षात मी एकेक ठोका ऐकत होते. प्रत्येक ठोक्याला वाटायचं, हा आला, आता पुढचा येईल का? आदल्या दिवशी काय खाल्लं ते आठवत होते. दुधी. दुधीने मरते की काय मी? लोक काय म्हणतील?

कार्डिओग्राम काढला. डॉक्टर कागदाकडे बघतायत, माझ्याकडे बघतायत. "हे तर ठीक दिसतंय. रक्त देताना काही केलंत का?" मी दोन्ही मुठी उघडून-मिटून दाखवल्या. त्यांनी कपाळाला हात लावला. पट्टा बांधून मूठ आवळत राहिलं की स्नायूंतलं पोटॅशियम त्या रक्तात उतरतं आणि आकडा उगाच फुगतो. हात सैल सोडून परत रक्त घेतलं. पाच पॉइंट एक.

बाकावर नाना वाट बघत बसले होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे भ्याली म्हणून वाढलं. आन् वाढलं म्हणून भ्याली. मग आता करायचं काय?"

"डॉक्टर म्हणाले, हात सैल सोडायचा."

नाना म्हणाले, "हात सुटंल गं. बाकीचं कसं सोडायचं ते विचारलं का?"

* * *

आणि आता शेवटचा. हा मी फारसा कोणाला सांगत नाही.

आषाढात अक्काचे रिपोर्ट बिघडले. डॉक्टरांनी चष्मा काढला, पण "या पुढच्या महिन्यात" म्हणाले नाहीत. म्हणाले, "आजी, याच आठवड्यात मशीन सुरू करू."

अक्का म्हणाली, "कानबाई व्हऊ दे."

श्रावणात आमच्या खानदेशात घरोघर कानबाई बसते. नागपंचमीनंतरच्या रविवारी देवी बसवायची, रात्रभर गाणी, सोमवारी वाजतगाजत नदीवर. तिच्यासाठी सव्वाच्या मापाने गहू-डाळ घ्यायची, त्याचा स्वयंपाक, तो रोट. अक्काच्या घरचा नियम कडक. रोट भावकीतल्यांनीच खायचा आणि संपवायचा. बाहेरच्याला घास नाही. लग्न होऊन गेलेल्या लेकीलासुद्धा नाही, ती दुसऱ्या घरची झाली. आणि उरवायचा, टाकायचा तर नाहीच. उरला तर घरातल्या पोरांना बाधतो.

डॉक्टर रागावले, कल्पना रडली, पण अक्का गावी गेली.

आमचा मंगळवार विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी आला. आम्ही तिघं बाकावर होतो. रिक्षातून अक्काला दोघांनी धरून उतरवलं. पाय सुजून घागरीसारखे, श्वास वर लागलेला, ओठ काळे पडलेले. कल्पनाने आधीच अक्काचं रक्त लॅबमध्ये देऊन रिपोर्ट मागवला होता. डॉक्टरांनी तो बघितला आणि मास्कमधूनच ओरडले, "सिस्टर, मशीन लावा. आत्ता."

सिस्टरने काचेचं दार उघडलं. अक्का दारापर्यंत आली आणि आमच्या बाकावर बसली.

"आजी, उठा."

अक्काने पोटाशी धरलेलं गाठोडं मांडीवर ठेवलं. फडक्यात बांधलेलं. "रोट उरना," ती म्हणाली. श्वास घेतला. "हाऊ सरस नही तवलोंग मी उठाव नही."

रोट संपल्याशिवाय ती उठणार नव्हती. कल्पना सांगायला लागली. यंदा दोन्ही भाऊ सुरतहून आले नाहीत, सुट्टी मिळाली नाही. भावकीतल्या एका घरी सुतक, ते आले नाहीत. आई एकटीच दोन दिवस खात बसली होती. डाळ, गूळ, पुरण, सगळं मनाई असलेलं. संपलं नाही तर बरोबर घेऊन निघाली.

डॉक्टर गुडघ्यावर बसले. "आजी, ऐका माझं. आता उशीर केला तर हृदय थांबेल. समजतंय का? थांबेल."

"थांबू दे. पोरे सुरतमा शेतस. रोट उरना तर त्यास्ले काही व्हई." तिने फडक्याची गाठ सोडायला घेतली. "मीच खासू."

"एक घासही नाही," डॉक्टर म्हणाले.

"आई, मला दे ना, मी खाते," कल्पना म्हणाली.

"तू दियेल शे. तुले चालत नही."

काचेच्या आतून मशीनचा बीप-बीप आवाज येत होता. सिस्टर दार धरून उभी. अक्काचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता, आणि मी मोजत होते, हा आला, आता पुढचा येईल का.

नाना उठले आणि अक्काच्या शेजारी येऊन बसले. "अक्का, भाऊबंद म्हंजे कोण?"

अक्काने मान वर केली.

"ज्यायचं सुतक एक, ते भाऊबंद. बरोबर ना? आता सांग, तुले केळं चालतं का? मले चालतं का? चाचाले? या सविताले?" नानांनी एकेकाकडे बोट केलं. "चौघांचं पथ्य एक आहे, अक्का. आणखी काय पाहिजे?"

अक्काने नानांकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग चाचांकडे.

चाचा हळूच म्हणाले, "मैं भी, अक्का?"

अक्काने फडकं उघडलं. पुरणपोळीचे तुकडे होते, कडा वाळलेल्या. तिने पहिला तुकडा मोडला आणि चाचांच्या हातावर ठेवला.

"रोट भाऊबंदच खातस," ती म्हणाली. "खा."

चाचांनी ओठातल्या ओठात बिस्मिल्ला म्हटलं. नानांनी खाल्लं. मी खाल्लं. गूळ, डाळ, सगळं जे मी दोन वर्षं जिभेला लावलं नव्हतं. चव मला आठवत नाही. फक्त गिळताना छातीत ठोका जोरात वाजलेला आठवतो. अक्का मोडत होती, आम्ही खात होतो. डॉक्टर आमच्या चौघांकडे बघत उभे होते आणि त्यांनी कोणालाच नाही म्हटलं नाही.

शेवटी फडक्यात एकच तुकडा उरला. नानांनी हात पुढे केला, तर अक्काने तो बाजूला सारला. तिने तुकडा उचलला आणि हात डॉक्टरांसमोर धरला.

डॉक्टरांनी काचेच्या दाराकडे बघितलं. अक्काच्या ओठांकडे बघितलं. मग तोंडावरचा मास्क खाली केला.